'मी'ला निरोप : एका रॉक बँडचे मवाळ वळण

संगीताचा आवाज उतरला की त्यातील धर्म चढतो, असा एक समज आपल्या घराघरांत रुजलेला आहे. मुलाच्या खोलीतून ड्रमचा कल्लोळ आणि त्यावर ओरडणारा गळा ऐकू आला की आईच्या कपाळावर आठी उमटते. तोच मुलगा काही महिन्यांनी साध्या गिटारवरचे संथ गाणे ऐकू लागला की 'पोरगा निवळला' म्हणून तिला हायसे वाटते. उपासनासंगीतावरून आपल्या धर्मग्रामांत जे वाद रंगतात, त्यांच्या मुळाशीही बहुधा हाच समज असतो. ड्रम म्हणजे जग, ऑर्गन म्हणजे देऊळ. हा समज कितपत खरा आहे हे तपासण्यासाठी अमेरिकेतील एका इंडी रॉक बँडची वाटचाल मोठी उपयुक्त आहे. इंडी म्हणजे मोठ्या व्यापारी कंपन्यांच्या आश्रयाबाहेर वाढलेले रॉक. या बँडचे नाव 'मीविदाउटयू', म्हणजे 'तुझ्याविना मी'. इंग्रजीतील 'मी' आणि आपल्या मराठीतील 'मी' यांचा उच्चार आणि अर्थ इथे योगायोगाने एकच झाला आहे, आणि पुढील सारे विवेचन या एकाक्षरी शब्दाभोवतीच फिरणार आहे.

बँड फिलाडेल्फिया शहरातला. मुंबईत १९६४ साली भरलेल्या आंतरराष्ट्रीय युखारिस्त परिषदेच्या आठवणी ज्यांच्या घरात आजही सांगितल्या जातात, त्यांना हे शहर अगदीच अपरिचित नसावे; १९७६ ची युखारिस्त परिषद तिथेच भरली होती. या शतकाच्या आरंभी अ‍ॅरन आणि मायकल वाइस या भावांनी मित्रांसह हा बँड उभा केला. अ‍ॅरन शब्द लिहिणारा आणि गाणारा, मायकल गिटार वाजवणारा. त्यांच्या घराची जडणघडण विलक्षण होती. वडील ज्यू घराण्यात जन्मलेले, आई ख्रिस्ती घराण्यातली, आणि दोघेही पुढे सूफी पंथाकडे वळलेले. त्यांचे गुरू बावा मुहैयद्दीन हे श्रीलंकेतील तमिळभाषक सूफी संत. ते १९७१ साली फिलाडेल्फियात आले आणि १९८६ साली तिथेच निवर्तले. बावा तमिळमध्ये गोष्टी सांगत आणि शिष्य त्यांचे इंग्रजी करून घेत. जाफन्याकडच्या गोष्टी अमेरिकेतल्या एका घरात मुले ऐकत वाढली. या मुलांपैकी अ‍ॅरनने पुढे ख्रिस्तावरील श्रद्धा पत्करली, परंतु लहानपणी कानावर पडलेल्या गोष्टी त्याने टाकून दिल्या नाहीत. बँड प्रवास करी ती बस वापरलेल्या खाद्यतेलावर चालवली जाई, हा तपशीलही ध्यानात ठेवावा. दारिद्र्याचे व्रत हा त्या मंडळींचा केवळ गाण्यातला विषय नव्हता.

पहिल्या दोन ध्वनिमुद्रिका आल्या २००२ आणि २००४ साली. त्या कोणत्याही अर्थाने मवाळ नाहीत. अ‍ॅरन तिथे गात नाही. तो बोलतो, बोलता बोलता ओरडतो, आणि ओरडता ओरडता त्याचा श्वास तुटतो. पहिली मुद्रिका प्रेमभंगाची आहे आणि सगळा राग त्या भंगलेल्या प्रेमाभोवती घोटाळतो. दुसरीचे नाव 'कॅच फॉर अस द फॉक्सेस'. हे नाव जुन्या करारातील गीतरत्नाच्या दुसऱ्या अध्यायातून घेतलेले आहे, जिथे द्राक्षमळ्याची नासाडी करणाऱ्या लहान कोल्ह्यांना पकडण्याची विनवणी येते. इथे राग तोच, पण तो आता देवाच्या दिशेने वळला आहे. शेवटच्या गाण्याचे नाव 'विधवेचा पुत्र'. नाईन गावाच्या वेशीवरची ती अंत्ययात्रा वाचकांना आठवेल.

हे ऐकून एखादी माता कानांवर हात ठेवील. परंतु शब्दांकडे लक्ष दिले तर या ओरडण्यात अपरिचित असे काही नाही. आपल्या स्तोत्रसंहितेतील मोठा भाग विलापांचा आहे. स्तोत्र ८८ तर अंधारात सुरू होऊन अंधारातच संपते. त्याला शेवटी सांत्वनाची एक ओळही जोडलेली नाही, आणि तरीही ख्रिस्तसभेने ते आपल्या नित्य प्रार्थनेतून काढून टाकलेले नाही. आम्ही धर्मगुरू ते दर शुक्रवारी रात्रीच्या प्रार्थनेत म्हणतो आणि मग दिवा मालवतो. एलीयाला देव मंद वाणीत भेटला हे आपण प्रवचनांतून वारंवार सांगतो. परंतु सीनाय पर्वतावर तोच देव गडगडाटात आणि शिंगाच्या वाढत्या नादात उतरला होता, हे त्या मानाने कमी सांगतो. या दोन्ही मुद्रिकांत एक जखमी 'मी' आहे आणि त्याच्यासमोर एक 'तू' आहे. 'मी' भांडतो, लाजतो, स्वतःच्या दांभिकपणावर दात-ओठ खातो. पण पाठ फिरवून निघून जात नाही. ज्यू तत्त्वचिंतक मार्टिन बुबर यांनी १९२३ साली 'मी आणि तू' या ग्रंथात माणूस व देव यांच्या नात्याचे जे चित्र रेखाटले, त्याच्याशी हा कर्कश रॉक एखाद्या गुळगुळीत भक्तिगीतापेक्षा अधिक इमान राखतो, असे माझे मत आहे.

बदलाची पहिली पावले २००६ च्या 'ब्रदर, सिस्टर' या मुद्रिकेत दिसतात. हे नाव वाचताच असिसीकर संत फ्रान्सिसचे सूर्यबंधू आणि चंद्रभगिनी आठवल्याशिवाय राहत नाहीत. मोठ्या आवाजाच्या गाण्यांमध्ये कोळ्यावरची तीन चिमुकली गाणी पेरलेली आहेत : एक पिवळा कोळी, एक नारिंगी आणि एक तपकिरी. प्रत्येक गाणे जेमतेम मिनिटभराचे, साध्या गिटारीवरचे. वादळात मधेच कुणी खिडकी लावून घ्यावी तसे. बँडची ही मुद्रिका सर्वांत उत्तम, असे मानणारे श्रोते पुष्कळ आहेत, आणि त्यांच्याशी वाद घालण्याचे मला कारण दिसत नाही.

मग २००९ साल उजाडले. त्या वर्षी आलेल्या मुद्रिकेचे नाव एवढे लांबलचक की, ते मराठीतच सांगणे सोयीचे : 'सारे वेड आहे! सारे असत्य आहे! सारे स्वप्न आहे! ठीक आहे!' हे वचन बावा मुहैयद्दीन यांचे. अकरा गाण्यांच्या या मुद्रिकेत आरडाओरडा जवळजवळ नाही. विजेच्या गिटारी मागे सरल्या. साधी गिटार, अकॉर्डियन आणि पितळी वाद्ये पुढे आली. आणि अ‍ॅरन चक्क गाऊ लागला. जुने श्रोते गोंधळले. बॉब डिलनने १९६५ साली न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात विजेची गिटार हाती घेतली तेव्हा लोकगीतांचे चाहते चिडले होते; इथे प्रकार नेमका उलटा झाला. गोंगाटाचे चाहते शांततेवर रुसले. त्यांच्या रुसण्यात तथ्य अजिबात नव्हते असे नाही. अ‍ॅरनचा बोलका गळा जितका धारदार, तितका त्याचा गाता गळा सामान्य आहे. दोन-तीन गाणी बालगीतासारखी लाडिक होतात आणि त्यांतील गंमत दुसऱ्यांदा ऐकताना उरत नाही. 'टिमथी हे' हे मला त्यांपैकीच एक वाटते.

मात्र 'लोकगीताकडे वळले म्हणजे मऊ पडले' ही टीका वरवरची आहे. लोकगीत मुळातच मऊ असते, हा शहरी माणसाचा गैरसमज होय. गोव्यातील घुमट कुणी कुजबुजण्यासाठी वाजवत नाही, आणि एकनाथांची भारुडे रंगतात ती कल्लोळातच. लोकपरंपरेकडून या बँडने घेतला तो मवाळपणा नव्हे, ती गोष्ट होय. आधीच्या मुद्रिकांत अ‍ॅरन स्वतःविषयी बोलत होता. इथे प्राणी, पक्षी, राजे आणि देवदूत बोलतात. मृत्यूचा दूत दावीद राजाच्या खोलीत येतो आणि राजा त्याच्याशी मुदतीची घासाघीस करतो. एका गाण्यात कोल्हा कावळ्याची स्तुती करतो ती बिस्किटासाठी. ही गोष्ट आपल्या पोरांना इसापनीतीतून पाठ असते. मराठीत इसापाच्या कथा सरफोजी राजांच्या आश्रयाने तंजावरला १८०६ साली छापल्या गेल्या. त्याच तमिळ मुलखाच्या पलीकडच्या किनाऱ्यावरून आलेल्या एका संताने ती गोष्ट फिलाडेल्फियात नेऊन पुन्हा सांगितली. गोष्टींना पारपत्र लागत नाही. आणि आपल्या प्रभूनेही आपली शिकवण दाखल्यांतूनच लोकांच्या ओटीत घातली होती.

या मुद्रिकेतील सर्वांत मोठी गोष्ट 'नारळाच्या बागेतील भुंगेराजा' या गाण्यात आहे. ज्यांच्या वाडीत नारळ आहेत आणि कडेला शेणखताचा खड्डा आहे, त्यांना या भुंग्याची वेगळी ओळख करून देण्याचे कारण नाही. रात्री मजूर बागेतला पालापाचोळा गोळा करून पेटवतात. भुंग्यांच्या राजाला ते महान गूढ वाटते, आणि त्याची खबर आणायला तो स्वयंसेवक मागतो. प्रथम एक प्राध्यापक जातो. तो पंख होरपळून, सरपटत परत येतो आणि जे पाहिले त्याचे इत्थंभूत वर्णन करतो, पण त्याच्या शब्दांत ना उजेड असतो ना ऊब. (धर्मशास्त्राची पदवी घेतलेल्या आम्हा मंडळींनी हे कडवे जरा सावकाश ऐकावे.) मग राजा पद्मरागाच्या अंगठीचे बक्षीस लावतो. तिच्या लोभाने एक सैनिक अधिकारी निघतो. तोही भाजून परततो आणि अलंकारिक वर्णन करतो. राजा चिडतो. कशासारखे दिसते ते नको, काय आहे ते हवे. अखेर तो स्वतः निघतो. मुलांना जवळ घेऊन सांगतो की तुमचा खरा पिता मी नव्हे. राजदंड, मुकुट आणि सारी संपत्ती गरिबांना वाटून टाकायला सांगतो. आणि मागे वळून न पाहता अग्नीत झेप घेतो. प्रजा म्हणते, राजा मेला नाही, तो अग्नी झाला.

या कथेचे मूळ बावांच्या शिकवणीत आहे, आणि त्याही मागे फारसी कवी अत्तार याने सांगितलेली पतंग आणि दिव्याची गोष्ट आहे. गाण्याचा शेवट मात्र थेट आपल्या घरातला आहे. इजिप्तच्या वाळवंटातील अब्बा लोट आपल्या उपास-प्रार्थनांचा हिशेब सांगून आणखी काय करू असे विचारतात, तेव्हा अब्बा योसेफ हात आकाशाकडे उंचावतात, त्यांची बोटे ज्वालांसारखी होतात आणि ते विचारतात की तू सारा अग्नीच का होत नाहीस. हा प्रसंग सेमिनरीत शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतो. तमिळ सूफी, फारसी कवी आणि इजिप्ती तपस्वी अशा तिघांना एका साडेपाच-सहा मिनिटांच्या गाण्यात, एकाही टाक्याची शिवण न दिसू देता, ज्याने एकत्र आणले तो कवी सामान्य नव्हे.

आणि नेमके इथेच माझे पाऊल अडखळते. भुंगेराजा अग्नीत जातो आणि उरतो तो अग्नी. मोशेने होरेब डोंगरावर पाहिलेले झुडूप पेटले होते, पण भस्म झाले नव्हते. निर्गमाच्या तिसऱ्या अध्यायातील हा तपशील किरकोळ नाही; ख्रिस्ती अध्यात्माचा सारा डोलारा त्यावर उभा आहे. देव माणसाला पेटवतो, पण संपवत नाही. क्रूसभक्त संत योहान लाकूड आणि अग्नी यांचा दृष्टान्त देतात, तेव्हाही लाकूड अग्नीसारखे होते. पण प्रेम करणारा आणि ज्याच्यावर प्रेम करायचे तो, असे दोघे त्यांच्या काव्यात शेवटपर्यंत असतात. प्रेमाला दोघे लागतात आणि प्रार्थनेलाही दोघेच. या मुद्रिकेत एका गाण्याचे नावच 'गुडबाय, आय!' म्हणजे 'मी'ला निरोप असे आहे. अहंकाराला निरोप देणे हे प्रत्येक साधकाचे कामच आहे. तुकोबांपासून अविलाच्या तेरेजापर्यंत सर्वांनी तेच सांगितले. पण अहंकार वेगळा आणि 'मी' वेगळा. अहंकार जावा; तो गेल्यावर जो मोकळा होतो, त्या 'मी'ने तरी देवाला हाक मारायला उरावे की नाही? ओरडणाऱ्या मुद्रिकांत हा 'मी' होता. मवाळ मुद्रिकेत तो वारंवार निसटतो.

मुद्रिकेच्या नावाविषयीही हेच म्हणता येईल. सारे स्वप्न आहे हे वाक्य आपल्या भूमीत नवे नाही. मायावादाची भाषा आपल्या हवेतच आहे. उपदेशकाच्या ग्रंथातही सारे व्यर्थ असल्याचा उसासा आहेच. परंतु उपदेशक जगाला व्यर्थ म्हणतो, खोटे म्हणत नाही. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देव आपली निर्मिती पाहतो आणि तिला फार चांगली ठरवतो. योहानाच्या शुभवर्तमानात शब्द देह धारण करतो. स्वप्नात कुणी देह धारण करीत नाही, आणि स्वप्नातल्या खिळ्यांनी हात फाटत नाहीत. ज्या मातेचे मूल आजारी आहे, तिला 'हे सारे स्वप्न आहे, ठीक आहे' असे कुणी सांगितले तर ते सांत्वन होईल काय? स्तोत्र ८८ तिच्या शेजारी बसू शकते. ही ओळ तिच्या शेजारी बसू शकेल असे मला वाटत नाही.

पुष्कळांना खटकले ते मात्र वेगळेच. शेवटच्या गाण्यात देवाला 'अल्लाह' म्हटले आहे आणि तो गवताच्या पात्यापात्यात असल्याचे गायिले आहे. ख्रिस्ती श्रोत्यांसाठी मुद्रिका काढणाऱ्या संस्थेकडून हे यावे याचे काहींना आश्चर्य वाटले. या एका शब्दाने विचलित होण्याचे आपल्याला कारण नाही. लेबनॉनमधील मारोनी कॅथलिक मिस्सामध्ये देवाला याच नावाने आळवतात, आणि माल्टातील कॅथलिकांच्या भाषेत देवाला दुसरे नावच नाही. मलेशियात 'हेरल्ड' या कॅथलिक साप्ताहिकाला हा शब्द वापरण्यासाठी न्यायालयात जावे लागले. उच्च न्यायालयाने ३१ डिसेंबर २००९ रोजी साप्ताहिकाच्या बाजूने निकाल दिला, पण पुढे अपिलात तो फिरला. आपल्याकडे श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचे 'योगसंग्राम' वारकऱ्यांनी आपले मानलेच की! आक्षेप घ्यायचा तर तो शब्दावर नको. घ्यायचाच तर तो त्या गाण्यातील अतिसुलभ समाधानावर घ्यावा; भुंगेराजाच्या होरपळीनंतर लगेच येणारी ही गोडी फार स्वस्तात मिळते.

या मुद्रिकेचे खरे हृदय, माझ्या मते, पाचव्या गाण्यात आहे. त्याच्या नावात एक काठी, एक गाजर आणि एक दोरी आहे, म्हणजे गाढवाला हाकण्याची सारी सामग्री. प्रसंग नाताळचा. गव्हाणीभोवती प्राणी जमले आहेत. घोडा आपले गवत देतो, मेंढ्या ऊब देतात. गाढव बाळाच्या कानात सांगते की, तीसेक वर्षांनी तू माझ्यासारख्याच एकावर बसून जाशील. पक्षी गातात आणि आमचे शब्द सुंदर आहेत ना म्हणून विचारतात. बाळ काहीच बोलत नाही. लांब एक खरजुला, वाकड्या दातांचा बोकड उभा आहे. आपल्याला काही शहाणपणाचे बोलता येत नाही म्हणून तो जवळ येत नाही. मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायातील शेरडे ज्याला आठवतात, त्याला हा बोकड इथे का उभा केला आहे हे कळेल. डाव्या हाताला जाणाऱ्यांपैकी एक गव्हाणीच्या दाराशी घुटमळतो आहे, आणि गोठ्यावरच्या पाटीवर पापी जनांसाठी लिहिले आहे की, रिकाम्या हाताने आत या. पुढच्याच कडव्यात गोठा मागे पडून गेथशेमानेची बाग येते. शिष्य झोपलेले, गवतात साप, आणि पुत्र पित्याशी बोलतो आहे. इथे 'मी' विरघळत नाही. पुत्र आपली इच्छा उच्चारतो, आपले भय उच्चारतो आणि मग ती इच्छा पित्याच्या हाती देतो. सापाकडे आमिष होते आणि काठीही होती. ज्याला काहीच नको त्याच्यापुढे दोन्ही निकामी ठरतात, आणि साप त्याच्या पायाखाली चिरडला जातो.

चाल एवढी साधी की, शाळेतली मुले दुसऱ्यांदा ऐकून गुणगुणतील. नाताळात आपल्या गायकवृंदांकडून जी साखरेत घोळलेली गाणी ऐकावी लागतात, त्यांच्या शेजारी हे गाणे ठेवून पाहावे. गव्हाणीत बागेची आणि क्रूसाची सावली असायला हवी, हे आपल्या नाताळगीतांतून जवळजवळ पुसले गेले आहे. लोकगीताच्या साधेपणाचे सामर्थ्य काय असते, हे इथे कळते.

यानंतर बँड शांतच राहिला असता तर ही एका सरळ प्रवासाची गोष्ट झाली असती. तसे झाले नाही. २०१२ साली स्वतःच्याच नाममुद्रेखाली काढलेल्या 'टेन स्टोरीज' मध्ये १८७८ साली माँटाना प्रांतात बर्फात घसरलेल्या एका सर्कशीच्या आगगाडीची कल्पित कथा आहे. पिंजऱ्यांतून सुटलेले प्राणी गोष्ट पुढे नेतात. हत्ती आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो, अस्वलाला संत अग्नेसचे दर्शन घडते. प्राणी तेच राहिले, पण विजेच्या गिटारी परतल्या, ओरडणेही परतले. आणि त्याबरोबर भांडणारा 'मी'ही परतला, आता प्राण्यांचे मुखवटे घालून. २०१५ च्या 'पेल हॉर्सेस'ने प्रकटीकरणाच्या सहाव्या अध्यायातील फिकट घोड्यावरून नाव घेतले. त्या मुद्रिकेवर पित्याच्या मृत्यूची छाया आहे, आणि ती ऐकताना 'ठीक आहे' हा शब्द कुणाच्या ओठांवर येत नाही. लोकगीताची शाळा केली नसती तर ही दोन्ही कामे या बँडच्या हातून झाली नसती. २००९ ची मुद्रिका हे त्यांचे विसाव्याचे ठिकाण नव्हते. तिथे ते गोष्ट सांगायला शिकले.

२०१८ साली त्यांनी नाव नसलेल्या दोन मुद्रिका पाठोपाठ काढल्या. ऑगस्टमधली छोटी आणि बरीचशी हळवी, ऑक्टोबरमधली मोठी आणि अनेक ठिकाणी कानठळ्या बसवणारी. त्यानंतर २०२२ च्या ऑगस्टमध्ये आपल्याच शहरात अखेरचे कार्यक्रम करून त्यांनी बँड विसर्जित केला. घरातल्या तरुण मुलाकडे या मुद्रिका असतील तर आई-वडिलांनी त्यांतील गोंगाटाची २००४ ची त्याच्याकडे निश्चिंतपणे राहू द्यावी. मवाळ अशी २००९ ची मात्र त्याच्याशेजारी बसून ऐकावी, आणि भुंगेराजा अग्नीत शिरला की त्याला मोशेच्या झुडपाविषयी काय वाटते ते विचारावे.